वस्तादाने जत्रेला जायचंच नाही का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या क्रीडापानावर तळाला एक चौकट होती. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन फुटबॉल कोचना आपल्या विद्यापीठाबाहेरच्या उन्हाळी कॅम्पांत जायला घातलेली बंदी 20 दिवसांत मागे घेतली, अशी बातमी. मथळा होता ‘बड्या कोचच्या भांडणावर पडदा’. माझ्या थोरल्या भावाने कोल्हापुरातून त्या चौकटीचा फोटो काढून मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘हे तुमच्याकडचंच ना गं?’

आमच्याकडचंच. मी ओहायो राज्यातल्या टोलेडो शहरात राहते आणि इथल्या एका सरकारी हायस्कुलात 17 वर्षं गणित शिकवते. चौकटीतल्या तारखा बरोबर आहेत. बंदी 8 एप्रिल 2016 ला आली, 28 एप्रिलला उठली. चुकला तो मथळा. हे भांडण कोचचं असतं तर मी पेन उचललं नसतं. माझ्या वर्गातली मुलं त्या 20 दिवसांत काय भोगत होती ते मी पाहिलं आहे, म्हणून लिहिते.

आधी खेळाबद्दल थोडं, कारण कोल्हापूरकराला फुटबॉल म्हटलं की शाहू स्टेडियम आठवतं. हा खेळ निराळा. लंबगोल चेंडू हातात धरून पळायचं, समोरच्याने अंगावर येऊन पाडायचं. शाळाशाळांतून तो खेळणारी मुलं दहा लाखांहून जास्त आहेत. विद्यापीठांच्या सर्वांत वरच्या श्रेणीत 2016 साली संघ 128 होते, आणि एका संघाला शिष्यवृत्त्या 85. गुणाकार केला तर 10,880, त्याही चार-पाच वर्षांच्या तुकड्यांत वाटलेल्या. 2016 च्या नियमाने एका वर्षी एका संघाने घ्यायची नवी मुलं जास्तीत जास्त 25. त्या शिष्यवृत्तीत फी, राहणं, जेवण, पुस्तकं सगळं येतं. ज्या घरातून आजवर कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही त्या घराला याचा अर्थ काय, हे आपल्या वाचकांना मी वेगळं सांगायला नको.

आता कोचला मुलगा दिसतो कसा? एनसीएए ही इथली महाविद्यालयीन खेळांची राष्ट्रीय संघटना. तिने कोचने मुलाला कधी भेटायचं, कधी फोन करायचा, कधी नुसतं लांबून बघायचं, याचं वर्षभराचं पंचांगच आखून दिलेलं आहे. वसंतात कोच शाळेत येऊन मुलाला पळताना बघू शकतो, पण नमस्कार-चमत्कारापलीकडे त्याच्याशी बोलायचं नाही. 2016 च्या नियमाने विद्यापीठाने आपल्या खर्चाने मुलाला बोलवायचं तर तो बारावीत गेल्यावरच. त्याआधी यायचं तर त्याने आपल्या पैशाने यावं. ज्याचा बाप दोन मोटारी बाळगून आहे तो अकरावीच्या उन्हाळ्यात पाच विद्यापीठं हिंडून येतो. ज्याच्या घरी मोटारच नाही तो हिंडत नाही.

म्हणून जून महिना महत्त्वाचा. जूनमध्ये कॅम्प भरतात. पोरं येतात, छातीवर नंबराची चिकटपट्टी लावतात, उंची-वजन होतं, हातांचा पसारा मोजला जातो, 40 यार्ड पळायचं, मग जोडीजोडीने एकमेकांना भिडायचं. इथे कोच मुलाला नुसता बघत नाही, त्याला हाताखाली घेऊन शिकवतो. पाय असा टाक म्हणाला तर पोरगं पुढच्या वेळी तो पाय तसा टाकतं की नाही, हे कोणत्याही चित्रफितीत दिसत नाही. ते समोर उभं राहूनच कळतं.

विद्यापीठाने स्वतःचा कॅम्प आपल्या राज्यात किंवा आवारापासून 50 मैलांच्या आत घ्यावा, असा नियम होता. पण दुसऱ्या कुणी भरवलेल्या कॅम्पात त्याच विद्यापीठाचे कोच पाहुणे म्हणून जाऊ शकत होते. 2014 मध्ये पेन स्टेट विद्यापीठाचे कोच असे जॉर्जिया आणि फ्लोरिडात गेले. 2015 च्या जूनमध्ये मिशिगन विद्यापीठाचे कोच जिम हार्बॉ आपला ताफा घेऊन अलाबामापर्यंत गावोगाव फिरले, आणि त्यावरून दक्षिणेत वादळ उठलं. फ्लोरिडा, जॉर्जिया, अलाबामा हे खेळाडूंचं कोठार. तिथल्या बड्या विद्यापीठांच्या दोन गटांनी आपल्या कोचना 50 मैलांपलीकडच्या कॅम्पांना आधीच मनाई करून ठेवली होती. आता उत्तरेचा माणूस त्यांच्या अंगणात येऊन पोरं बघतो हे त्यांना रुचेना. आम्ही जात नाही तर कुणीच जाऊ नये, असा त्यांचा आग्रह.

मी शिवाजी पेठेत वाढले. आमच्या लहानपणी वस्ताद मंडळी गावोगावच्या जत्रांना जायची. मोठ्या कुस्त्या संध्याकाळी, पण जाणता वस्ताद दुपारीच मैदानाच्या कडेला येऊन बसायचा, कारण रेवड्यांवरच्या आणि नारळावरच्या कुस्त्या दुपारी लागायच्या. लंगोटही धड न बांधता आलेली नऊ-दहा वर्षांची पोरं धुळीत लोळायची आणि वस्ताद बघायचा की पडलेलं पोरगं उठतं कसं. एखादं नजरेत भरलं की त्याच्या बापाला विचारायचा, ‘पाठवतोस का तालमीत?’ माझ्या आजोबांनी असे दोन मल्ल आमच्याच गल्लीतल्या तालमीत आलेले पाहिले होते, दोघेही अशा खेड्यातले जिथून कोल्हापूरला यायला बैलगाडीशिवाय काही नव्हतं. वस्ताद गेला म्हणून ती पोरं आली. पोरांनी यावं म्हणून तो तालमीत बसून राहिला असता तर ती रानातच राहिली असती. हार्बॉंचा स्वभाव मला आवडतो की नाही हा प्रश्नच नाही. ते जत्रेला गेले, एवढं मला दिसतं.

पण आपल्या चौकटीत हार्बॉच होते, आणि खरं नुकसान कुणाचं होणार होतं ते आलंच नाही. ते मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगते.

माझ्या वर्गात दोन भाऊ आहेत. नावं देत नाही, थोरला आणि धाकटा म्हणते. आजी सांभाळते दोघांना. ती इस्पितळात रात्रपाळीला धुलाईचं काम करते. थोरला नववीत असताना काटकुळा होता, अकरावीत एकाएकी वाढला. इथे मुलांची पारख दहावीपासून सुरू होते, याद्या बनतात, तारे दिले जातात. उशिरा वाढलेलं पोरगं कुठल्याच यादीत नसतं. आमच्या शाळेचे कोच इतिहास शिकवतात. गेल्या वर्षी मे महिन्यात ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, बाई, याला जूनच्या कॅम्पला नेलं पाहिजे, पण त्याच दिवशी मला दुसऱ्या चार मुलांना दुसरीकडे न्यायचं आहे. कॅम्प अडीच तासांवरच्या एका मोठ्या विद्यापीठात. मी म्हटलं, मी नेते.

पहाटे साडेपाचला आजी रात्रपाळी संपवून थेट माझ्या गाडीत येऊन बसली. अंगावर कामाचेच कपडे होते. वाटेत एक शब्द बोलली नाही, मांडीवर नातवाचे बूट घेऊन बसली होती. कॅम्पची फी 40 डॉलर. पाकिटातून ती नोटा काढत होती तेव्हा मला माझी आई आठवली, रेशनच्या रांगेत पदराची गाठ सोडणारी.

त्या मोठ्या विद्यापीठाला थोरला नको होता. त्यांना हवा होता त्यापेक्षा तो दोन इंच कमी होता, हे सकाळच्या मोजणीतच ठरलं असावं. दुपारी लाइनमन, म्हणजे आघाडीच्या रांगेत भिडणाऱ्या मुलांच्या जोड्या लागल्या. समोरासमोर उभं राहायचं, शिट्टी झाली की भिडायचं. पहिल्या वेळी थोरला सपशेल आडवा झाला. मी मान खाली घातली. आजीने घातली नाही. तो उठला आणि रांगेच्या शेवटी न जाता कोचजवळ जाऊन काहीतरी विचारून आला. कोचने त्याचे खांदे धरून त्याला जरा खाली बसवलं, पाय मागे घ्यायला लावला. पुढच्या खेपेला समोरचा मुलगा चार पावलं मागे गेला. त्याच्या पुढच्या खेपेलाही.

मैदानाच्या कडेला निरनिराळ्या रंगांचे शर्ट घातलेली माणसं वह्या घेऊन उभी होती. ते पाहुणे कोच, आमच्या भागातल्या मध्यम आणि छोट्या विद्यापीठांचे. यजमान विद्यापीठाच्या पदरी पैसा अमाप, कॅम्पला शेकड्यांनी मुलं येतात, आणि या छोट्यांना तिथे मोफत शिकवायला येऊ देतात. बदल्यात त्यांना एका दिवसात एवढी मुलं बघायला मिळतात जेवढी गावोगाव फिरून वर्षभरात मिळाली नसती. त्यांचं प्रवासाचं बजेटच तेवढं नसतं. चारच्या सुमाराला त्यांतला एक जण आमच्याकडे आला. आजीशी हात मिळवला आणि त्याने पहिला प्रश्न विचारला तो गणिताचा: ‘दुसऱ्या बीजगणितात याला किती?’ आजीने माझ्याकडे बोट केलं.

हा प्रश्न उगाच नव्हता. एनसीएएच्या नियमाने मुलाला 16 मुख्य विषय पूर्ण करावे लागतात, त्यांची सरासरी 4 पैकी किमान 2.3 लागते, आणि त्यांतले 10 बारावी सुरू होण्याआधीच संपवावे लागतात. बारावीत जागा होऊन उपयोग नसतो. त्या माणसाने थोरल्याला जूनमध्ये पाहिलं म्हणून आम्हाला कळलं की कोणते दोन विषय कमी पडताहेत, आणि त्याने ते उन्हाळ्यात पूर्ण केले. जुलैतले तीन आठवडे तो माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्गसमीकरणं सोडवत होता. 3 फेब्रुवारी 2016, सह्यांचा दिवस. शाळेच्या व्यायामशाळेत टेबल मांडलं, त्याने करारावर सही केली, आजी चर्चला घालते ती जांभळी टोपी घालून आली होती. शिष्यवृत्ती पूर्ण.

आता 8 एप्रिलचा नियम काय होता ते बघा. वरच्या श्रेणीतल्या विद्यापीठाने कॅम्प फक्त स्वतःच्या मैदानांवर घ्यायचा, आणि त्याच्या कोचने फक्त स्वतःच्याच कॅम्पात काम करायचं. लागू केव्हापासून, तर त्याच दिवसापासून. हार्बॉंना अलाबामात जाता आलं नसतं तरी मिशिगनचं काही अडलं नसतं. त्यांच्याकडे विमानं आहेत, नाव आहे, लाख माणसं बसतील असं मैदान आहे. अडलं असतं त्या वहीवाल्या माणसाचं. त्याला त्या मोठ्या विद्यापीठाच्या मैदानावर पाऊल ठेवता आलं नसतं. थोरल्याला त्या दिवशी फक्त ज्यांना तो नको होता त्यांनीच पाहिलं असतं.

छोट्या विद्यापीठांची नजर किती तयार असते याची उदाहरणं इथे पोरांना पाठ आहेत. आमच्या मिड-अमेरिकन गटातली विद्यापीठं घ्या. बेन रॉथलिसबर्गर आमच्या शेजारच्या फिंडली गावचा, ओहायोतल्या मायामी विद्यापीठात शिकला आणि पुढे पिट्सबर्गच्या व्यावसायिक संघाला दोन अजिंक्यपदं मिळवून दिली. अँटोनियो ब्राउन फ्लोरिडातला, त्याला सेंट्रल मिशिगन विद्यापीठाने वाढवलं. खलील मॅक फ्लोरिडातल्या फोर्ट पिअर्सचा. त्याच्याच राज्यातल्या बलाढ्य संघांनी त्याच्याकडे पाहिलं नाही, थंडीतल्या बफेलो विद्यापीठाने पाहिलं, आणि 2014 मध्ये व्यावसायिक संघांच्या निवडीत तो पाचव्या क्रमांकावर गेला. हे तिघे कॅम्पातच सापडले असं माझं म्हणणं नाही. मोठ्यांच्या नजरेतून सुटलेलं पोरगं दुसऱ्या कुणाच्या नजरेला पडायला हवं, एवढंच म्हणते.

8 एप्रिलला शुक्रवार होता. सोमवारी शाळा सुटल्यावर धाकटा माझ्या वर्गात आला. तो आता अकरावीत आहे, थोरल्यापेक्षा चपळ, आणि त्याच्या भिंतीवर जूनच्या तीन तारखांना लाल गोल काढलेले. त्याने विचारलं, ‘बाई, त्यांनी मतदान केलं म्हणतात. कुणी केलं?’

मी फळ्यावर मांडलं. विद्यापीठांचे दहा गट, त्यांतल्या पाच बड्या गटांच्या मताची किंमत दोन, बाकीच्या पाचांची एक. एकूण 15. बंदीच्या बाजूने चार बडे, म्हणजे 8, आणि दोन छोटे, म्हणजे 10. विरोधात आमच्याकडचा बिग टेन हा बडा गट, 2, आणि तीन छोटे, एकूण 5. त्या तिघांत मिड-अमेरिकन गटही होता. निकाल 10 विरुद्ध 5. पुढच्या काही दिवसांत बाहेर आलं की पश्चिमेकडच्या 12 विद्यापीठांच्या पॅसिफिक गटात बहुसंख्य बंदीच्या विरोधात होती, तरी त्यांच्या प्रतिनिधीने बंदीला मत दिलं. दक्षिणेतल्या सन बेल्ट या छोट्या गटाच्या मताबद्दलही तशीच बातमी आली. धाकट्याने स्वतःच खडू घेतला. पॅसिफिकची 2 मतं इकडून तिकडे नेली, 8 विरुद्ध 7. सन बेल्टचं 1 नेलं, 7 विरुद्ध 8. तो बराच वेळ फळ्याकडे बघत उभा राहिला. मी ते गणित दोन दिवस पुसलं नाही.

त्या खोलीत त्याच्यासारख्या मुलांच्या बाजूने मत देणारं कुणी नव्हतं. म्हणून मुलांनी बाहेर तोंड उघडलं, आणि ते आपल्या चौकटीत एका शब्दाने आलं नाही. देशभरातून कॉलेजात खेळणारे आणि पुढे व्यावसायिक झालेले खेळाडू ट्विटरवर लिहू लागले की मी कॅम्पात दिसलो, म्हणून आज इथे आहे. डेट्रॉइटमधल्या एका शाळकरी खेळाडूच्या दारात मोठमोठी विद्यापीठं आधीच उभी होती, त्याला कॅम्पची गरजही नव्हती. तरी त्याने आपल्या सोबत्यांसाठी बंदी उठवा म्हणून ऑनलाइन अर्ज सुरू केला. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचे माइक लीच यांच्यासारखे कोच आपल्याच गटाच्या मताविरुद्ध उघड बोलले. आमच्या शाळेतून चार वर्षांपूर्वी गेलेल्या एका मुलाने आपल्या कॅम्पची छातीवरची चिकटपट्टी जपून ठेवली होती, नंबर 214. तिचा फोटो टाकून त्याने खाली फक्त आपल्या विद्यापीठाचं नाव लिहिलं. आमच्या स्टाफरूममध्ये तो फोटो अजून भिंतीवर आहे.

थोरल्याने मात्र काही लिहिलं नाही. आजीने त्याला बजावलं होतं, सही झाली आहे, आता तोंड बंद ठेव. त्याने ऐकलं. पण रोज संध्याकाळी धाकट्याला घेऊन मैदानावर जायचा आणि अंधार पडेपर्यंत त्याच्याकडून पाय मागे घ्यायचा सराव करून घ्यायचा.

आणि आमचं गाव. टोलेडोचं दुखणं असं की हे शहर बरोबर सीमेवर आहे. 1835 साली या पट्ट्यावरून ओहायो आणि मिशिगन यांनी एकमेकांवर शस्त्रं घेऊन माणसं धाडली होती. शेवटी शहर ओहायोला मिळालं आणि मिशिगनला त्या बदल्यात उत्तरेचा द्वीपकल्प. आजही अर्धं गाव ओहायो स्टेट विद्यापीठाच्या लाल संघाचं, अर्धं मिशिगनच्या निळ्या संघाचं. नोव्हेंबरात त्यांचा सामना असतो त्या आठवड्यात शेजारी शेजाऱ्याशी बोलत नाही. कोल्हापुरात पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ यांचा फुटबॉल सामना असला की आपल्या पेठांत जी हवा असते, तीच. पण शाळेसमोरच्या न्हाव्याच्या दुकानात त्या एप्रिलमध्ये एक कागद ठेवला होता, जवळच्या विद्यापीठांच्या प्रमुखांना पाठवायच्या पत्राचा. त्यावर लाल शर्टवाल्यांनी आणि निळ्या शर्टवाल्यांनी एकाखाली एक सह्या केल्या. जीपच्या कारखान्यातून पाळी सुटलेली माणसं केस कापायचे नसतानाही आत येऊन सही करून गेली. तीन पानं भरली. मी 17 वर्षांत या दोन रंगांची माणसं एका कागदावर पाहिली नव्हती.

28 एप्रिलला एनसीएएच्या विद्यापीठप्रमुखांच्या संचालक मंडळाने बंदी रद्द केली. धाकट्याने मला वर्गाच्या दारातून नुसती मूठ वर करून दाखवली आणि पळाला.

बंदी मागणाऱ्यांचं काहीच खरं नव्हतं असं मी म्हणणार नाही. सहायक कोचना उन्हाळ्यातच काय ते घरी राहायला मिळतं, तेही गेलं तर त्यांची मुलं बापाला बघणार कधी, हा मुद्दा काहींनी मांडला आणि तो मला पटतो. कॅम्पच्या नावाखाली धंदा करणारे आहेत हेही खरं. माझ्याच एका विद्यार्थ्याच्या आईने एका खाजगी कॅम्पला 300 डॉलर भरले. तिथे कुठल्याही विद्यापीठाचा माणूस फिरकला नाही. मुलाला एक टी-शर्ट आणि एक प्रमाणपत्र मिळालं. ती बाई अजून त्या पैशांचं कर्ज फेडते आहे. मध्यस्थ, दलाल, मुलाला इकडे वळवतो तिकडे वळवतो म्हणणारे, हेही या गर्दीत घुसतात. पण यावर उपाय आहेत. कॅम्पची नोंदणी करा, फीला कमाल मर्यादा घाला, कोण कोच येणार ते आधी जाहीर करा, कोचचे दिवस ठरवून द्या म्हणजे त्याला महिनाभर घर मिळेल. जत्रेत पाकीटमार आला तर पोलीस वाढवतात. जत्रा बंद करत नाहीत.

माझी खरी भीती पुढची आहे. संचालक मंडळाने बंदी उठवताना मुलांच्या निवडीच्या सगळ्या पद्धतीचा नव्याने विचार करायला सांगितलं आहे. त्यातून नवे नियम येतील. कॅम्प चालू ठेवा, पण विद्यापीठांच्या आवारातच भरवा, शाळेच्या मैदानावर किंवा गावच्या पार्कात नको, असं कुणीतरी नक्की सुचवेल. कागदावर ते किती नीट दिसेल! पण आवार म्हणजे पुन्हा अडीच तास, पुन्हा कुणाची तरी गाडी. ज्या मुलाच्या शाळेत इतिहासाचे कोच किंवा गणिताची बाई मोकळी नसेल त्याने काय करायचं? दक्षिणेतल्या खेड्यांत तर अंतरं आमच्यापेक्षा मोठी आणि बस नावालाही नाही.

आता भावाबद्दल. त्याने चौकट पाठवली तेव्हा मी लगेच उत्तर दिलं नाही, कारण मला त्याचं 1986 साल आठवलं. दादा पेठेतल्या तालमीच्या संघातून खेळायचा, डाव्या बगलेवर. शाहू स्टेडियमवर त्याने चेंडू घेतला की कठड्यावरची माणसं उभी राहायची, हे मी बहीण म्हणून सांगत नाही, अजूनही त्या वयाचे लोक उद्यमनगरात त्याच्या दुकानात येऊन सांगतात. त्या वर्षी राज्याच्या कुमार संघाची निवड चाचणी मुंबईत होती. पत्र आलं गुरुवारी, चाचणी शनिवारी सकाळी. बाबा फाउंड्रीत रोजंदारीवर होते. एसटीचं जाण्यायेण्याचं भाडं, दोन दिवस मुंबईत राहणं, आणि बुटाचा तळ निघालेला. आईने शेजारी विचारलं, बाबांनी मालकाला विचारलं. शुक्रवारी रात्री नऊची गाडी गेली आणि दादा अंगणातच बसला होता. निवड समितीतल्या कुणी कधी कोल्हापुरात येऊन सामना पाहिला होता, असं मला त्या काळातलं आठवत नाही. त्यांनी दादाला नाकारलं नाही. नाकारायला आधी बघावं लागतं.

गेली 30 वर्षं तो हे कुणाला सांगत नाही. त्याची परवानगी घेऊन लिहिते आहे. थोरल्याला घेऊन मी त्या पहाटे निघाले तेव्हा गाडीत माझ्या मनात काय होतं, हे मी आजीलाही सांगितलं नव्हतं.

पुढच्या वर्षी, 2017 मध्ये, 17 वर्षांखालच्या मुलांचा आपल्याकडच्या फुटबॉलचा विश्वचषक भारतात भरणार आहे. आपल्या वार्ताहरांनी या निमित्ताने एक काम करावं अशी विनंती आहे. राज्याच्या कुमार संघांच्या निवड चाचण्या गेल्या पाच वर्षांत कुठे कुठे झाल्या, पुण्या-मुंबईबाहेर किती, गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या मुलाला पत्र किती दिवस आधी मिळतं, आणि त्याच्या प्रवासाचं भाडं कोण देतं, हे विचारून छापावं. निवड करणारी माणसं वर्षातून किती तालुक्यांच्या मैदानांवर स्वतः जाऊन उभी राहतात, तेही विचारावं. उत्तरं चांगली आली तर मला सर्वांत जास्त आनंद होईल आणि मी दादाला ते पान लॅमिनेट करून पाठवीन.

आणि त्या चौकटीला एक जोड द्यावी. बंदी उठली ती कोचच्या भांडणामुळे नाही. जी मुलं कॅम्पात दिसली होती ती अजून न दिसलेल्या मुलांसाठी बोलली, आणि त्यांच्या गावांनी सह्या केल्या, हे लिहावं. 

धाकट्याचा पहिला कॅम्प जूनच्या पहिल्या शनिवारी आहे. त्या दिवशी इतिहासाचे कोच मोकळे आहेत, तरी आजीने मलाच विचारलं आहे. पहाटे साडेपाचला निघायचं ठरलं आहे. त्याआधी त्याला त्रिकोणमितीचं एक प्रकरण संपवायला लावते आहे, कारण तो वहीवाला माणूस विचारणार.

आपली,
एक गणित शिक्षिका
टोलेडो, ओहायो (मूळ शिवाजी पेठ, कोल्हापूर)
5 मे 2016